प्रभाकर बरवे : चित्रे आणि 'कोरा कॅनव्हास'

प्रश्न : चित्रकार प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक नुकतेच वाचले. हे लेखन त्यांच्या चित्रांच्या आधारे वाचावे की स्वतंत्रपणे?

प्रतिसाद १ : चित्रांसह वाचावे. १९३६ साली नागाव येथे जन्मलेले बरवे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे विणकर सेवा केंद्रातील नोकरीनिमित्त १९६०च्या दशकात बनारसला राहिले, तेव्हा तंत्रमार्गातील (तांत्रिक साधनेतील) प्रतिमांच्या परिचयातून त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांना वळण मिळाले. नंतर मात्र पान, घड्याळ, ढग अशा साध्या वस्तू त्यांनी मोकळ्या अवकाशात मांडल्या, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथेच आहे. वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या नात्याचा हाच शोध पुस्तकातही चालू राहतो.

प्रतिसाद २ : सहमत आहे. त्यांनी वापरलेल्या इनॅमल रंगांकडेही लक्ष द्यावे. त्या रंगांच्या सपाट, नितळ थरामुळे वस्तू आपल्या नेहमीच्या परिसरापासून सुटी होते. म्हणूनच, ओळखीच्या वस्तू दिसत असूनही, ही चित्रे मला अमूर्त वाटतात.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आता चित्रे समोर ठेवून पुस्तक पुन्हा वाचतो.

प्रतिसाद ३ : छापील प्रतिकृतींवर थांबू नका, शक्य असेल तिथे मूळ चित्रे अवश्य पाहा.