प्रो बॉडीबिल्डरचं रुटीन साध्या माणसाने करावं का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सांगा. जिम सुरू करून वर्षावर झालंय, काम बैठं, आठवड्यातले चार दिवस तासभर मिळतो, स्टिरॉइड वगैरे घेत नाही आणि घेणारही नाही. जिम पार्टनर अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या जमान्यातल्या रुटीनवर अडून बसलाय, एका दिवसात नुसत्या छातीलाच वीसेक सेट (सेट म्हणजे न थांबता मारलेली एक फेरी). करून बघितलं, पण निम्म्यानंतर बेंचवर नुसती ढकलाढकली होते, कोपर फाकतात, बार छातीवर आपटतो आणि पुढच्या वेळी आधीचंच वजन जड वाटतं. मध्ये एक हलका आठवडा घेतला तर ताकद परत आली, रुटीन चालू केलं की पुन्हा तेच. झोप सात तास, प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे "नीट खा, नीट झोप" सोडून सांगा प्लीज.

आणि बॉडीबिल्डर डोरियन येट्स तर 1992 ते 1997 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया (प्रो बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा) झाला तो मोजक्याच सेटवर, मग जास्त सेट म्हणजे जास्त मसल हे पटत नाही (अर्थात तोही प्रोच, त्याच्या रिकव्हरीशी आपली काय बरोबरी). एका मसलला आठवड्याला 10 ते 20 सेट असं बऱ्याच ठिकाणी सांगतात पण ही रेंज केवढी मोठी!

तर नॅचरल (म्हणजे स्टिरॉइडशिवाय) असताना चार दिवसांत छाती आणि पाठीला आठवड्याला किती सेटपासून सुरू करू, ते दोन दिवसांत विभागू का, आणि सेट वाढवायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?