वादग्रस्त पुतळे आणि निषेधकलेचं फोटोप्रदर्शन: रत्नागिरीच्या हवेत खळ, कागद आणि प्रोजेक्शन कसं जमवायचं?

गडगा:
डिसेंबरात रत्नागिरीत तीन दिवसांचं प्रदर्शन ठरतंय. विषय आहे वर्णद्वेषाशी जोडलेले सार्वजनिक पुतळे आणि त्यांना कलाकारांनी, फोटोग्राफरांनी दिलेली उत्तरं. ब्रिस्टलचा गुलामांचा व्यापारी कोल्स्टन, केपटाउनचा ब्रिटिश साम्राज्यवादी ऱ्होड्स आणि अमेरिकेतल्या रिचमंडचा, गुलामगिरीवादी राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली हे तिघे नक्की. मोठे प्रिंट रस्त्यावरच्या पोस्टरसारखे खळीने चिकटवायचे आहेत, फ्लेक्स अजिबात नको. संध्याकाळी अंगणातल्या उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर प्रोजेक्शन. भाड्याने 4000 ल्युमेनचा डीएलपी प्रोजेक्टर मिळतोय, पुरेल का? नेटवरचे फोटो छापले तर काही अडचण? आणि आपल्याकडचं काय लावता येईल?

चिरेखाण:
आधी भिंतीचं बोलू. उघडा जांभा (चिऱ्याचा दगड) प्रोजेक्शनला वाईट. एक तर भोकंच भोकं, त्यात रंग तांबडा-काळपट, म्हणजे निळा आणि हिरवा उजेड तो गिळून टाकतो. चेहरे चिखलात बुडल्यासारखे दिसतात. पांढरी अक्षरं काळ्यावर टाकलीत तर चालतील, फोटो नाही चालणार.

मांजरपाट घ्या, दुहेरी. वर बांबू, खाली जीआय पाइप शिवून टाका, आणि कापड भिंतीला घट्ट न टेकवता वीतभर पुढे सोडा. घट्ट ताणलं की वाऱ्यात शीड होतं आणि शिवण उसवते. खारा वारा दिवस मावळला की पडतो, मतलई (रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा) सुरू व्हायच्या आधी मध्ये थोडा वेळ हवा स्तब्ध असते. मुख्य खेळ त्या वेळात बसवा.

आता ल्युमेनचा हिशोब. चित्र 3 मीटर रुंद, 2.25 मीटर उंच धरलं तर पावणेसात चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 590 लक्स (चौरस मीटरला तेवढे ल्युमेन), तेही प्रोजेक्टर कागदावर लिहिलंय तेवढा उजेड देत असेल तर. पुरतं. रुंदी 6 मीटर केलीत की क्षेत्र चौपट, उजेड 150 च्या खाली. जवळ रस्त्यावरचा दिवा असेल तर चित्र गेलंच. 1.5 थ्रो रेशोच्या (अंतर भागिले चित्राची रुंदी) मशीनला 3 मीटर रुंदीसाठी साडेचार मीटर अंतर लागेल. कीस्टोन बटणाने चित्र ओढूनताणून चौकोनी करू नका, उजेड आणि बारकावा दोन्ही जातात. प्रोजेक्टरच चित्राच्या समोर मध्यावर आणा.

रिचमंडला लीच्या पुतळ्यावर 2020 ला झालेल्या प्रोजेक्शनचे फोटो नीट बघितलेत तर हेच दिसेल. ब्रॉन्झ काळपट, त्याच्यावर फारसं काही उमटत नाही. पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचा चेहरा उठून दिसतो तो खालच्या दगडी चौथऱ्यावर. 1985 साली कलाकार क्षिश्तोफ वोडिच्कोने लंडनला दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीवर प्रोजेक्टरने नाझी स्वस्तिक टाकलं, तेही फिकट दगडाच्या दर्शनी त्रिकोणावर.

मतलई:
प्रोजेक्शनचे फोटो काढताना शटर 1/60 पेक्षा जलद नको. डीएलपीत रंगीत चक्र फिरतं, शटर जलद असलं की फोटोत लाल-हिरवे पट्टे येतात. कॅमेरा स्टँडवर, आयएसओ 800, एफ/4 आणि 1/15 च्या आसपास सुरुवात करा. माणसं पुसट झाली तर 1/30 वर या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक स्लाइडला रंग बदलेल. डेलाइटवर बांधून टाका आणि रॉ काढा.

मोरचूद:
खळ: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात धारेने सोडा, पारदर्शक होईपर्यंत सहा-सात मिनिटं ढवळा. मग अर्धा चमचा मोरचूद (कॉपर सल्फेट) कोमट पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे बुरशी आणि झुरळं लांब राहतात. मोरचूद विषारी, हातमोजे हवेत. भांडं प्लास्टिकचं किंवा जुनं स्टीलचं, पुन्हा स्वयंपाकात न येणारं. अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंड असेल तर मोरचूद तेच खातं. केलेली खळ दोन दिवसांत आंबते, लागेल तेवढीच शिजवा.

भिंतीवर थेट लावू नका. जांभा खळ पितो आणि कागद पापडासारखा सुटतो. शिवाय भिंत सरकारी किंवा परक्याची असली तर मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहेच. 6 मिमी प्लायवर लावा. प्रिंट प्लॉटरचा, 80 जीएसएम, टोनरचा. साध्या इंकजेटची शाई ओल्या खळीत पसरते. खळ आधी फळीला, मग कागद, मग वरून ब्रशने मध्यापासून कडांकडे. ओला कागद वाढतो, सुकताना ओढतो, म्हणून एकाच बाजूला लावलात तर फळी वाकणारच. मागेही तसाच कोरा कागद चिकटवा. सुकवा सावलीत, पंख्याखाली. उन्हात कडा आधी सुकतात आणि मधे फुगे राहतात.

शिलालेख:
हक्कांचा मुद्दा हलका घेऊ नका. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. पण दुसऱ्याने काढलेला फोटो हा त्याचा, त्याला ती सूट लागू नाही. विकिमीडिया कॉमन्सवरचा घेतलात तर फोटोग्राफरचं नाव आणि लायसन्स फोटोखालच्या माहितीच्या पट्टीवर छापा. दक्षिण आफ्रिकेचा फोटोग्राफर डेव्हिड गोल्डब्लॅट याचा ऱ्होड्सचा पुतळा उचलतानाचा फोटो (9 एप्रिल 2015) सगळ्यांना हवा असतो. परवानगी नसेल तर नुसतं वर्णन लिहा. निदर्शकांचे चेहरे ओळखू येणारे फोटो शक्यतो टाळा.

माझा खरा आग्रह पट्टीबद्दल आहे. पुतळा पडतानाचा फोटो सगळेच लावतात. पट्टीवर त्या माणसाच्या मृत्यूचं आणि पुतळा उभारल्याचं, अशी दोन्ही वर्षं शेजारी द्या. कोल्स्टन 1721 ला गेला, पुतळा 1895 चा. ली 1870 ला, पुतळा 1890 चा. ऱ्होड्स 1902 ला, विद्यापीठातला पुतळा 1934 चा. कोणी कोणत्या काळात, कशासाठी उभारला, हा प्रश्न प्रेक्षक मग आपणहून विचारतो. कोल्स्टनच्या पाटीवर गुलामांच्या व्यापाराचा शब्द नव्हता, ‘सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र’ एवढंच होतं. त्या पाटीचा जवळून काढलेला फोटो मिळवा. आणि तो पुतळा 7 जून 2020 ला बंदरात ढकलल्यावर बाहेर काढून संग्रहालयाने चिखल धुतला, पण निदर्शकांचा रंग ठेवला, आणि त्याला आडवाच मांडला. ही जोडी पडण्याच्या क्षणापेक्षा जास्त सांगते.

गडगा:
पट्टीचं पटलं. जुन्या पाट्यांची झिजलेली अक्षरं फोटोत येतच नाहीत, त्याला काय करायचं? आणि आपल्याकडचं राहिलं.

शिलालेख:
अक्षरांना तिरपा उजेड द्या. टॉर्च पाटीला जवळपास समांतर, 10-15 अंशांवर, एकाच बाजूने. खडू-पीठ चोळू नका, छिद्रांत अडकतं. ब्रॉन्झ आभाळासमोर असेल तर एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर नुसती काळी आकृती येते. तैलरंगाची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, पण धातूवरची चकाकी त्याने जात नाही.

आपल्याकडचं: चाफेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं, रँडच्या खुनाआधी. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, 1965 ला हलवला, आता राणीच्या बागेत आहे. 2017 चा नवा घोडा स्वाराविना. हे दोन्ही घ्या, पण दामोदर चाफेकर सुधारकांच्याही विरोधात होते हे पट्टीवर लिहा. महाडचं चवदार तळं (20 मार्च 1927) लावणार असाल तर वेगळी फळी द्या. वर्णद्वेष आणि अस्पृश्यता एका वाक्यात उरकल्या की दोन्हींचं वाटोळं होतं.

चिरेखाण:
जनरेटर लावाल तर प्रोजेक्टर स्टॅबिलायझरमागे घ्या, अर्थिंग तपासून. आणि रात्री मशीन उघड्यावर ठेवू नका, दवाने लेन्स धुरकट होते.