शिंदेंच्या लेकीचा रिपोर्ट अन् बी विंगचा व्हॉल्व

शिंदे (बी-३०२): नमस्कार. हॉलमध्ये ते थुंकीच्या डीएनए तपासणीचं शिबिर झालं होतं, त्याचा रिपोर्ट आलाय. आमच्या पोरीला "एफटीओ जीन, लठ्ठपणाचा धोका जास्त". हिनं कालपासून तिच्या ताटातलं तूप बंद केलंय. पोरगी अर्धी भाकर टाकून उठायलीय. परवानगी कुणी दिली होती?

देशमुख काका (चेअरमन): शिंदे साहेब, नोटीस लावली होती. तेव्हा कुणी बोललं नाही.

गायकवाड (ए-१०१): टँकरचे ६०० रुपये राहिलेत त्यांनी आज द्यावेत 🙏

कुलकर्णी मॅडम (ए-४०४): शिंदे भाऊ, आधी लेकीला जेवू घाला. २००७ मध्ये हे सापडलं तेव्हा, आईवडील दोघांकडून डीएनएतलं ते धोक्याचं अक्षर आलेल्यांचं वजन सरासरी ३ किलोनं जास्त भरलं होतं. तीनच किलो!

सय्यद भाई (सी-२०३): पण मॅडम, जीन तर जन्मभर तेच ना?

कुलकर्णी मॅडम: जीन सगळ्या अवयवांत तेच, भाई. कुठं किती चालायचं ते वेगळं. टाकी एकच, पण ए विंगचा व्हॉल्व सकाळी सोडतात, बीचा संध्याकाळी. मधुमेह, हृदयविकार असल्या आजारांशी जोडलेले डीएनएतले बहुतेक बदल या व्हॉल्वमध्येच असतात.

पवार (बी-१०४): विषय निघालाच आहे तर, बीचा व्हॉल्व पाच मिनिटांत कोण बंद करायलंय?

देशमुख काका: ते मीटिंगमध्ये बोलू.

पवार: मीटिंगला कोरमच होत नाही म्हणता की 😄

गायकवाड: टँकर. ६०० रुपये. बी-१०४ पण बाकी 🙏

पवार: पाणी आलं की पैसे.

कुलकर्णी मॅडम: माझं पूर्ण होऊ द्या. ते अक्षर एफटीओमध्ये आहे, पण २०१५ मध्ये कळलं की ते लांबच्या आयआरएक्स३ अन् आयआरएक्स५ या दुसऱ्या जीन्सचा व्हॉल्व जास्त उघडतं, तेही चरबीच्या पेशी घडत असताना. मग त्या पेशी चरबी जाळायच्या ऐवजी साठवतात. तसंच कोलेस्टेरॉलशी जोडलेल्या एसओआरटी१ या जीनचा फरक यकृतात दिसला, चरबीत नाही. थुंकीत अक्षर कळतं, पोरीच्या चरबीत व्हॉल्व किती उघडाय ते कळत नाही.

सय्यद भाई: आपल्या लोकांचं मोजलंय का?

कुलकर्णी मॅडम: कुठल्या अवयवात कुठलं जीन किती चालतं ते मोजणाऱ्या अमेरिकेतल्या जीटेक्स प्रकल्पाचे २०२० चे आकडे ८३८ मृत दात्यांचे, ४९ प्रकारच्या ऊतींचे. बहुतेक युरोपीय वंशाचे. आपली लातूरची पोरगी त्यात कुठं बसणार?

शिंदे: पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणारेत मॅडम. त्यांच्या कानावर गेलं तर?

देशमुख काका: हा विषय ग्रुपबाहेर कुणी नेऊ नका. शिंदे साहेब, परवानगी मी दिली होती. चुकलं माझं.

गायकवाड: ६०० 🙏

शिंदे: पाठवले. मॅडम, हिला घेऊन संध्याकाळी येऊ का?

कुलकर्णी मॅडम: या. लेकीलाही आणा, तिच्यासमोरच बोलू.