अर्जंट: प्री-रीडला 1390 पाठवू का ऑगस्टपर्यंत थांबू?

मनीषा, मंगळ. 8 जुलै 2025, रात्री 10:52

नमस्कार मंडळी,
आमच्या ईशाला पोहण्यासाठी घेऊ बघणाऱ्या कॉलेजच्या कोचचा मेल आलाय (इथलं अमेरिकेतलं, न्यू इंग्लंडमधलं ते छोटं कॉलेज, पाडव्याला बोललो होतो तेच). प्री-रीडसाठी (अर्जाच्या आधीच ॲडमिशन ऑफिस फाइल वाचून अंदाज देतं ते) तीन वर्षांची ट्रान्स्क्रिप्ट (मार्कांची नोंद), सीनियर इयरचे म्हणजे बारावीचे कोर्सेस आणि एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, सगळं शुक्रवारपर्यंत हवंय. मार्चमध्ये 1390 आले. पुढची परीक्षा 23 ऑगस्टला, ती म्हणते 1450 च्या वर जाईन. आत्ता 1390 पाठवले आणि ॲडमिशन ऑफिस नाही म्हणालं तर विषय तिथेच संपला का? आणि थांबलो तर कोच दुसरी ब्रेस्टस्ट्रोकवाली बघेल. सहा वर्षं पहाटे पावणेपाचचा अलार्म, गाडीत मागच्या सीटवर ओला टॉवेल आणि त्याखाली एसएटीचं पुस्तक, पानं फुगून ते आता मिटतसुद्धा नाही. एवढं करून एका मेलपाशी अडकलोय. कोणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज आजच लिहा.

सुहासकाका, बुध. 9 जुलै, सकाळी 6:15

मनीषा, बिनधास्त पाठव. खेळाडूंना मार्कांचं कोण विचारतंय? हार्वर्डच्या 2018 च्या खटल्यात बाहेर आलं ना, रिक्रूट केलेल्या म्हणजे कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी 86 टक्के मुलांना ॲडमिशन मिळते. आमच्या नातवाला 1560 असून वेटलिस्ट. ईशा गुणी पोर आहे, तिच्याबद्दल काही नाही, पण ही पद्धत मला पटत नाही ती नाहीच. 2019 मध्ये तर कधी बोटीत न बसलेली मुलं रोइंगची खेळाडू म्हणून घुसवायचे प्रकार पकडले होते.

प्रसाद, बुध. 9 जुलै, सकाळी 8:40

काका, तो 86 चा आकडा सगळे अर्धाच सांगतात. त्या मुलांची कागदपत्रं कोचने आणि ॲडमिशन ऑफिसने आधीच चाळलेली असतात, ज्यांचं जमणार नाही त्यांना अर्ज करायच्या आधीच थांबवतात, मग उरलेल्यांचा टक्का मोठा दिसणारच. आमचा रोहन फेन्सिंगमधून आयव्हीत (हार्वर्ड, येल वगैरे आठ युनिव्हर्सिटींचा गट) गेला तेव्हा मी हे जवळून बघितलंय. आयव्हीत अकॅडमिक इंडेक्स असतो, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी) आणि टेस्ट मिळून 240 पैकी आकडा, 2011 पासून खालची मर्यादा 176. आणि नुसती ती ओलांडून भागत नाही, खेळाडूंची सरासरी कॉलेजच्या बाकी मुलांच्या सरासरीपासून एका स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आत ठेवावी लागते. म्हणजे कोचला एक कमी मार्कांचा स्टार घ्यायचा तर दुसरीकडे जास्त मार्कांची मुलं घेऊन तोल सांभाळावा लागतो. रोहनला कोचने तोंडावर सांगितलं होतं, तुझी तलवार मधल्या फळीतली आहे पण तुझे मार्क मला हवेत. आणि बोटीचं म्हणाल तर तिथे कॉलेजच्या खेळ विभागातल्या लोकांनीच पैसे खाऊन खोटी नावं पुढे केली होती, पोहणाऱ्या पोरीचं टायमिंग कुठून खोटं आणणार?

आयव्हीत स्पोर्ट्स स्कॉलरशिप नसते, हेही लिहून ठेवतो, दर वर्षी कोणीतरी विचारतं.

वर्षा (कमिटी), बुध. 9 जुलै, दुपारी 12:05

सर्वांना विनंती, कॉलेज मार्गदर्शनाचं सेशन 19 तारखेला आहे, त्यासाठीच कमिटी दोन महिने राबतेय. प्रश्न तिथे विचारले तर सगळ्यांना फायदा होईल. फ्लायर परत जोडलाय.

अमोल, बुध. 9 जुलै, दुपारी 1:30

वर्षाताई, शुक्रवार 11 ला येतो, 19 ला विचारून काय करणार 🙏

प्रसाद, एक विचारायचं होतं, आमचा आर्य बॅडमिंटन खेळतो, त्याला यातलं काही लागू होतं का? आणि काका, आपल्याकडे महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ते तरी कुठे कोणाला खटकतात? आयआयटी मद्रासने तर 2024 पासून प्रत्येक बीटेक कोर्सला दोन जागा खेळाडूंसाठी जादा ठेवल्यात, एक मुलींची. त्यांनाही जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये यावं लागतं, फक्त पुढची यादी खेळाच्या गुणांवर लागते.

सुहासकाका, बुध. 9 जुलै, दुपारी 2:10

अमोल, जादा जागा आणि आहे त्यातलीच जागा, यात फरक आहे. मद्रासला दुसऱ्या कोणाची जागा जात नाही. इथे जाते.

प्रसाद, बुध. 9 जुलै, दुपारी 2:26

अमोल, एनसीएएत (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) बॅडमिंटनची चॅम्पियनशिपच नाही, त्यामुळे कोचचा पाठिंबा वगैरे धरू नकोस. अर्जात ॲक्टिव्हिटी म्हणून जरूर लिही. टेनिस असतं तर गोष्ट वेगळी, सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतून खेळूनच 2007 आणि 2008 ला एनसीएए सिंगल्स जिंकला होता.

नीलिमा, बुध. 9 जुलै, रात्री 9:48

मनीषा, अगं फोन लागला नाही म्हणून इथेच लिहिते. वरचं बरंचसं तुझ्या कामाचं नाही. एनसीएएच्या तीन पातळ्यांपैकी आयव्ही डिव्हिजन वनमध्ये, ईशाचं कॉलेज डिव्हिजन थ्री. डिव्हिजन वनला एनसीएएचे 16 कोअर (मुख्य विषयांचे) कोर्सेस आणि 2.3 जीपीए लागतात, थ्रीला एनसीएए मार्कांची अट घालत नाही, कॉलेज स्वतःच ठरवतं. पण म्हणून सोपं नाही. अशी कॉलेजं कोचला किती मुलांसाठी शब्द टाकता येईल ते ठरवून देतात आणि प्री-रीडमध्ये बघतात की ही मुलगी इथला अभ्यास झेपवेल का.

आमच्या सईचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. कोच म्हणाला "आय सपोर्ट यू", आम्ही हुरळून गेलो, ईडी (अर्ली डिसिजन, मिळालं तर तिथेच जायचं असा बांधील अर्ज) तिथेच टाकली, बाकी कोचेसना नाही कळवलं. डिसेंबरात डिफर, म्हणजे निर्णय पुढे ढकलला. नंतर कळलं की तिचं नाव त्याच्या शब्द टाकायच्या यादीत नव्हतंच, पोरीला टीममध्ये घ्यायला आवडेल एवढाच त्या सपोर्टचा अर्थ होता. त्या रात्री सईने गॉगल आणि कॅप कचऱ्यात टाकली, मी गुपचूप काढून धुऊन ठेवली. आज ती दुसऱ्या कॉलेजात मजेत पोहते, पण ती हिवाळ्याची सुट्टी मी विसरणार नाही.

तर पाठव. पण आधी ईशाने स्वतः कोचला फोन करायचा, तू नाही. विचारायचं: टेस्ट-ऑप्शनल (स्कोअर न देताही अर्ज चालतो असे) असाल तर खेळाडूंच्या प्री-रीडला स्कोअर द्यावाच लागतो का? (बोडन 1969 पासून टेस्ट मागत नाही, बेट्स 1984 पासून, पण कोच काय मागतो ते वेगळं असू शकतं.) ऑगस्टचा स्कोअर आला तर फाइल परत वाचणार का? आणि ॲडमिशन ऑफिस हो म्हणालं तर मी तुमच्या पाठिंब्याच्या यादीत आहे का, का फक्त टीममध्ये चालेन? हे शेवटचं विचारताना जीभ अडखळते, सईची अडखळली होती, पण ईडी बांधून घेते, एकच कॉलेज, आणि पोरीला तिचं उत्तर मागायचा हक्क आहे. हो मिळालं तरी बाकीच्या कोचेसना सप्टेंबरपर्यंत सोडू नकोस, आणि सीनियर इयरला अवघड कोर्स टाकून देऊ नकोस, ते बघतात.

सुहासकाका, गुरु. 10 जुलै, सकाळी 6:20

नीलिमा, सईचं हे एवढं माहीत नव्हतं. मत माझं तेच आहे, पण "मार्क कोण विचारतंय" हे माझं चुकलं. मनीषा, ऑगस्टपर्यंत रविवारी सकाळी ईशाला पाठव, मॅथ मी घेतो.

मनीषा, गुरु. 10 जुलै, रात्री 11:31

ईशा आज गॅरेजमध्ये जाऊन बोलली, दार लावून, वीस मिनिटं. स्कोअर द्यावाच लागतो म्हणाला, ऑगस्टचा आला तर परत वाचतील. यादीचं विचारल्यावर थोडा थांबला, मग म्हणाला सध्या तू तिसरी आहेस, वरच्या दोघींचं उत्तर सप्टेंबरच्या सुरुवातीला कळेल. आम्ही 1390 पाठवले. बाकी तीन कोचेसनाही आजच मेल गेलेत. काका, रविवारी साडेनऊला येते, प्रॅक्टिसहून थेट, केस ओले असतील.

वर्षा, शुक्र. 11 जुलै, सकाळी 7:55

नीलिमा, 19 ला तू पंधरा मिनिटं बोलशील का, हाच शेवटचा प्रश्न घेऊन? फ्लायरवरची "खेळाडूंना प्रवेशात सवलत" ही ओळ मी काढतेय, तिथे काय लिहायचं ते आज दुपारपर्यंत कळव, तीनला प्रिंटला द्यायचंय.