शब्दचर्चा : 'हवाई रुग्णवाहिका' की आणखी काही?

प्रश्न (पेडणे) : ऑस्ट्रेलियात खासगी परवान्याचे वैमानिक आडगावच्या रुग्णांना आपल्या छोट्या विमानातून शहरातल्या इस्पितळात फुकट नेतात. 'एंजल फ्लाइट' ही संस्था दोघांची गाठ घालून देते. याच्या सुरक्षा-नियमांवर मराठीत लिहिते आहे. 'हवाई रुग्णवाहिका', 'खासगी वैमानिक', 'विनामोबदला' असे लिहिले तर चालेल?

फोंडा : कृपा करून नको. रुग्णवाहिका म्हटले की स्ट्रेचर, ऑक्सिजन, नर्स आली. इथे रुग्ण आपल्या पायांनी चढतो आणि शेजारी नातेवाईक बसतो. शेजाऱ्याने आपल्या गाडीतून बांबोळीच्या इस्पितळात सोडावे, तसा हा प्रकार. 28 जून 2017 रोजी माउंट गॅम्बियरहून असेच एक विमान ढगाळ, धुकट हवेत उडाले आणि सुमारे सत्तर सेकंदांत कोसळले. वैमानिक आणि दोन्ही प्रवासी गेले. वैमानिकाकडे केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता नव्हती. अशा उड्डाणाला रुग्णवाहिका म्हणणे म्हणजे नसलेल्या सोयीची हमी देणे. 'सेवा-उड्डाण' म्हणा.

डिचोली : 'सेवा-उड्डाण' पटले. पण 'खासगी वैमानिक' वाचून आपल्याकडे कुणा उद्योगपतीच्या पदरचा पगारी वैमानिक डोळ्यांसमोर येतो. 'खासगी परवानाधारक वैमानिक' असेच लिहावे, लांबले तरी. आपल्याकडे हा परवाना चाळीस तासांच्या उड्डाणावर मिळतो, व्यावसायिकाला दोनशे लागतात. वाचकाला हा फरक कळायलाच हवा. आणि 'विनामोबदला'ऐवजी 'भाडे न घेता' बरे. मोपाच्या विमानतळाला जमिनी गेल्यापासून पेडण्यात मोबदला म्हणजे भूसंपादनाचे पैसे.

प्रश्नकर्ती : मोबदल्याचे अगदी खरे! 'भाडे न घेता' घेते. मार्च 2019 पासून तिथल्या नियामकाने अशा उड्डाणांना वेगळ्या अटी घातल्या : वैमानिकाचा किमान अनुभव, रात्री फक्त उपकरण-नियमांनी उड्डाण, दर शंभर तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, विमानाची देखभाल. याला 'निर्बंध' म्हणू की 'अटी'?

फोंडा : 'अटी'. निर्बंध म्हटले की सेवाच बंद पाडली असे वाटेल, आणि तसे झालेले नाही. फक्त 'उपकरण-नियम' कंसात उलगडा : बाहेर काही दिसत नसताना यंत्रांवरच्या आकड्यांवरून विमान चालवण्याचे नियम.