धवलेरीची गाणी सर्वांसाठी खुली करावीत का?

धागा : सूर्याकाठ

आमच्या डहाणूकडच्या पाड्यांवर काही तरुण मुलामुलींनी धवलेऱ्यांची, म्हणजे वारली लग्न लावणाऱ्या बायकांची, लग्नगाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली आहेत. काम सुरू होते न होते तोच त्यांच्यात दोन तट पडले. एकांचे म्हणणे, गाणी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करावीत. दुसऱ्यांचे म्हणणे, ती पाड्यातच राहावीत. मी दुसऱ्या तटाचा आहे आणि त्याची कारणे येथे मांडतो.

ज्यांनी वारली लग्न पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घराच्या आतल्या कुडाच्या भिंतीला गेरूचा हात देऊन सवाशिणी तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि लग्नातले विधी धवलेरीच्या गाण्यावर चालतात. लग्न लावायचा मान तिचाच. चौक नाही आणि धवलेरीही नाही, अशा लग्नाला जुनी माणसे लग्न म्हणत नाहीत.

यातला चौक भिंतीवरून उतरला त्याला आता पन्नास वर्षे होत आली. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणि रंग पाड्यांवर आणले, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या हातून ती चित्रे जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातून अनेक घरांत चार पैसे आले, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मात्र आज तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाचा फेर चादरीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर कोणीही छापतो. २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन वारली चित्रकलेच्या नावाचे रक्षण करते. नाव न घेता आकृत्या उचलणाऱ्याला त्याचा फारसा धाक नाही. चित्राचे जे झाले ते गाण्याचे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्याच्या कलम ४(घ) प्रमाणे आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे. तेव्हा हा निर्णय ग्रामसभेने घ्यावा आणि तोवर एकही गाणे बाहेर जाऊ नये.

प्रतिसाद : खाजण

आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण आपण सुचवता तो मार्ग गाणी जपण्याचा नसून ती पुरण्याचा आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

पाड्यात ठेवायची म्हणजे नेमकी कोठे ठेवायची? कोणाच्या तरी मोबाइलमध्ये, किंवा पावसाळ्यात बुरशी धरणाऱ्या कपाटातल्या एखाद्या मेमरी कार्डावर. दिवाळी झाली की निम्मी घरे वीटभट्टीवर जातात, मुली आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात, आणि थोडी शिकलेली पोरे तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या करतात. ज्यांच्यासाठी हे जपायचे ती माणसे वर्षातले कितीतरी महिने पाड्यावर नसतातच. बोईसरच्या खोलीवर रात्री एखाद्या मुलीला आपल्या आजीचे गाणे ऐकावेसे वाटले, तर तिने ग्रामसभेकडे अर्ज करावा काय?

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. ग्रामसभेत पुढे कोण बसते? गाणी बायकांची, चौक बायकांचा, आणि ठराव मात्र पुरुषांचा. चौकाचेही हेच झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या तो सवाशिणींनी लिहिला, पण त्याच आकृत्या कागदावर आल्यावर नाव आणि पैसा बव्हंशी पुरुषांच्या वाट्याला गेला. त्यात दोष खुलेपणाचा नव्हता, बायकांना कोणी विचारले नाही याचा होता.

धवलेरी मागे पडली तीही कोणी तिचे गाणे चोरले म्हणून नाही. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी संसार मांडतात आणि वर्षांनी एखाद्या सामुदायिक विवाहसोहळ्यात उभी राहतात. तो सोहळा मंगलाष्टके म्हणून उरकला, की धवलेरीला बोलावण्याचे कारणच उरत नाही. आणि घरच्या मांडवात डीजे असतो, हे आपण पाहतोच.

प्रतिसाद : सूर्याकाठ

ग्रामसभा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायतीचे सभागृह येते. पेसा कायद्यात वस्ती किंवा पाडा हेही गाव मानता येते, आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट दिली आहे. वीस-तीस घरांच्या सभेत धवलेरी स्वतः समोर बसलेली असते, आणि तिच्या तोंडावर तिच्या गाण्याचा ठराव करणे कोणाही पुरुषाला सोपे जाणार नाही.

प्रतिसाद : नेरूरपार

आम्ही तळकोकणातले. सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे पेसाचा आधार आमच्याकडच्या ठाकर समाजाला मिळत नाही. तरीही कुडाळजवळच्या पिंगुळीत काम उभे राहिले, म्हणून लिहितो.

सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणे, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या ही तेथल्या ठाकरांची कला. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात तिचे संग्रहालय मांडले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गोठ्याचा मला विशेष वाटतो तो भाग असा, की पाहणाऱ्याला पिंगुळीला जावे लागते. सांगणारा ठाकरच असतो, पोथीतले कोणते चित्र पुढे धरायचे आणि कथा कोठे थांबवायची हे तोच ठरवतो, आणि बिदागीही त्याच्याच हातात पडते. दार सताड उघडे आहे, पण उंबरा त्यांचा आहे.

अर्थात चित्रकथी मुळातच देवळात जमलेल्या लोकांना दाखवण्यासाठी होती. धवलेरीचे गाणे लग्नघरासाठी आहे, त्यामुळे पिंगुळीचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येईल असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद : पडवी

एक कायदेशीर बाब. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक सामान्यतः मुद्रण करवून घेणारा असतो आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. गाणाऱ्या बाईला कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे, पण संमतीच्या कागदावर अंगठा घेताना तो बहुधा काढूनच घेतला जातो. त्यामुळे खुले की बंद हे ठरवण्याआधी मुद्रण कोणाच्या नावावर आहे, ते पाहावे.

प्रतिसाद : कणसरीची लेक

माझी आजी धवलेरी होती आणि आई आहे, म्हणून दोन्ही पक्षांना थोडे सुनावते.

सगळी गाणी एका दर्जाची नसतात. व्याह्यांची टिंगल करणारी गाणी आई भातलावणीतही गुणगुणते. ती उद्या कोणी ऐकली म्हणून काही बिघडत नाही. चौक लिहिताना देवांना बोलावणारे गाणे मात्र ती लग्नाशिवाय तोंडातून काढत नाही. मागे एक अभ्यासक आले होते, त्यांनी ते गाणे ‘नमुन्यादाखल’ म्हणायला सांगितले. आईने त्यांना चहा दिला, टिंगलीची गाणी म्हणून दाखवली आणि त्या गाण्यापाशी आली तेव्हा आठवत नाही असे सांगितले. तिला ते शब्दन्‌शब्द येते. सूर्याकाठदादा, तिने त्या दिवशी कोणत्या ग्रामसभेला विचारले होते?

आणि खाजणदादा, गाणे कानाला बोंड्या लावून शिकता येत नाही. एकीने ओळ सोडायची आणि मागे बसलेल्यांनी ती उचलायची, अशी ही गाणी आहेत. उचलताना चुकले की आजी वळून बघायची, तेवढ्यात समजायचे. मुद्रण हवे असेल तर जरूर करा, मात्र त्यासोबत दर उन्हाळ्यात चार मुलींना धवलेरीच्या मागे बसवण्याची सोय करा, आणि त्या दिवसांची तिची व मुलींची बुडालेली मजुरी भरून द्या. आजवर जितके जण मुद्रणासाठी आले, त्यांतल्या एकानेही मजुरीचा विषय काढलेला नाही.

प्रतिसाद : खाजण

ताई, मजुरीचे आपले म्हणणे पहिल्या बैठकीतच ठेवतो. टिंगलीची गाणी खुली आणि चौकाची राखीव, ही विभागणीही चालेल. फक्त ती प्रत्येक धवलेरीने स्वतः करावी, आम्ही तिच्यासाठी करू नये.

माझा विरोध एका ठिकाणी अजून कायम आहे. चौकाचे गाणे मुद्रितच करू नये असे सूर्याकाठ म्हणत असतील, तर ते मला पटत नाही. मुद्रण करावे आणि किल्ली धवलेरीकडे द्यावी. तिच्या माघारी ती किल्ली कोणाकडे जावी, हेही तिच्या हयातीतच ठरले पाहिजे : मुलाकडे, पाड्याकडे, की तिच्या मागे बसून जिने ओळ उचलली तिच्याकडे. मी तिसरीच्या बाजूने आहे. मुलगा वारस असेल, पण त्याला गाणे येत नाही.