‘मी जायचो’ की ‘मी जायचे’? आठवणी लिहिताना बाईनं कुणाची मराठी बोलायची?

गूळघरची लेक
मंडळी, वय ६४, निवृत्त शिक्षिका. माहेर कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या अंगाला, घरचं गुऱ्हाळ होतं. आता नाही. २०१९ च्या पुरात आबांचे रोजमेळ भिजून लगदा झाले, तेव्हा ठरवलं की आठवतंय तेवढं तरी उतरवून काढायचं. दीडशे पानं झाली. ओळखीच्या एका संपादकांनी ती वाचली आणि लाल पेन चालवला. नमुना देते:

“सुगीत मी पहाटं किटली घेऊन गुऱ्हाळावर जायचो. चुलवाणाम्होरं बसून हात शेकायचो. गुळव्या पाक पाण्यात सोडायचा, बोटात धरून बघायचा. गोळी झाली की वरडायचा, ‘उतरा रं!’ काहील रिकामी हुईस्तवर कुणी बोलायचं न्हाई.”

त्यांनी सगळीकडं ‘जायचे, शेकायचे’ केलंय. म्हणाले, बाहेरच्या वाचकाला पुरुष लिहितोय असं वाटेल. आता आमच्याकडं बायका ‘मी आलो, मी जेवलो’ असंच म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणायची. काय करू?

शाहूपुरीकर
ताई, एक अक्षर बदलू नका. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ घरात बोलतात तशा भाषेत लिहिली, म्हणून ती अजून जिवंत वाटते. बाहेरचा वाचक दोन पानं गोंधळेल, तिसऱ्या पानावर सरावेल. आपण नाही का सगळ्या जगाच्या बोली वाचत?

पुण्यात अडकलेला
लक्ष्मीबाईंची घरातली भाषा छापातल्या भाषेला जवळचीच होती, त्यांचं उदाहरण इथं चालत नाही. आणि ताई, रागावू नका, पण तुम्ही वर ‘नमुना देते’ लिहिलंय. ‘देतो’ नाही! म्हणजे आज लिहिणारी बाई प्रमाण मराठीत विचार करते. मग निवेदन तिच्या भाषेत असू दे, संवाद बोलीत ठेवा. उगाच ओढूनताणून बोली आणली की तांबडा-पांढरा रस्सा, कापशी चप्पल आणि ‘काय भावा’ असलं दुकान मांडल्यासारखं होतं. मीपण इकडचाच आहे, म्हणून बोलतोय.

गूळघरची लेक
पकडलंत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये मी ‘आज डबा आणलो नाही’ म्हणाले आणि सगळे हसले. त्या दिवसापासून शाळेत ‘आले’, घरात ‘आलो’. बहिणीशी फोनवर अजून ‘आलो’च.

पेठेतला वाचक
अहो, मग हेच तर लिहायचं! त्या दिवसापर्यंत पुस्तकात ‘जायचो’, त्यानंतर ‘जायचे’. वाचकाला काही समजावून सांगायची गरजच नाही.

पुण्यात अडकलेला
क्लृप्ती आहे ही. समीक्षकांना आवडेल. वाचकाला छपाईची चूक वाटेल.

वाचनालयातली काकू
मी परिच्छेद तीनदा वाचला. गुळव्या बोलतो, किटली आहे, चूल आहे. गुऱ्हाळाचा मालक कुठाय? आणि ‘आता नाही’ एवढ्यात सगळं संपलं? गुऱ्हाळ असं आपोआप नाहीसं होत नसतं, बाई. जायचो-जायचे हा वाद तुम्हाला सोयीचा पडतोय, असं मला वाटतं. मी स्वतः लिहून बघितलंय, म्हणून कळतं.

दुसरं. रोजमेळ गेले तरी सातबारा, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं जाऊन बसा. नुसत्या आठवणीवर जाऊ नका. आमच्या घरात पाणी शिरलं ते २००५ ला, असं मी छातीठोक लिहिलं होतं. नणंद म्हणाली, २००५ ला पायरीवर थांबलं, शिरलं ते २०१९ ला. दोन पुरांचा मी एक पूर केला होता.

गूळघरची लेक
चुलत्यांनी विकलं. आबा आजारी असताना, कुणाला न विचारता. चुलते वारले. चुलती आहे, ८७ वर्षांची. भाऊ म्हणतो, ‘घरातलं घरात ऱ्हाऊ दे.’

काळा कोट
भाऊ अगदीच चुकीचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणं मयत माणसाबद्दलचं लिखाणही बदनामी ठरू शकतं, जर ते जिवंतपणी त्याच्या अब्रूला धक्का लावणारं असतं आणि घरच्यांना दुखवायच्या हेतूनं केलेलं असेल तर. ‘खरं आहे’ एवढ्यानं सुटका नाही, ते लोकहितासाठीही असावं लागतं. तुमच्यावर खटला होईल असं म्हणत नाही. फेरफार आधी काढा, मग ‘न विचारता’ हे शब्द लिहा.

शाहूपुरीकर
नावं बदलून कादंबरी म्हणा की. आपल्या कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ आत्मचरित्रात्मक कादंबरीच आहे, १९९० ला साहित्य अकादमी मिळाला तिला.

वाचनालयातली काकू
गावात गुऱ्हाळं किती होती? नाव बदलून फसणार कोण, सोलापूरचा वाचक? गावाला पहिल्या पानावर कळेल. आणि यादवांसारखं लिहायला यादव लागतात.

पुण्यात अडकलेला
काकूंशी पहिल्यांदाच सहमत. पण मग चुलतीला आधी दाखवा. ती हयात आहे तोवर तिला न विचारता छापणं मला तरी पटत नाही.

पेठेतला वाचक
विचारलं की ती नको म्हणणार, आणि पुस्तक संपलं. असं विचारत बसलं असतं तर मराठीत निम्मी आत्मचरित्रं आली नसती.

गूळघरची लेक
काल चुलतीकडं गेलतो. विक्रीचं पान पिशवीतच ठेवलं, धीर झाला नाही. गुऱ्हाळाचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवला, माझ्या मूळ शब्दांत. डोळे मिटून ऐकली. मग म्हणाली, “गुळव्या वरडायचा न्हाई गं, नुस्ता हात वर करायचा. आन् जायचो म्हणं! चार वर्साची हुतीस तू. मी न्यायचो तुला, कडंवर.”